सामाईक वाट्याची थप्पी

परखी खुपसली, फिरवली, बाहेर काढली आणि तळहातावर उपडी केली. तांदूळ घरंगळत यायला हवा होता. आला तो जाळ्यात गुंतलेला गोळा. बोटानं फोडला तर आतून दोन पांढऱ्या अळ्या वळवळत निघाल्या आणि असा कुबट वास सुटला की मी तोंडच फिरवलं.

"अगं बाई!" इतकंच निघालं तोंडातून.

परखी म्हणजे टोकदार, पोकळ सळई. पोतं न उघडता आतलं धान्य तिच्यातून हातात येतं. धान्याच्या सरकारी कोठारात मी तपासनीस होते आणि ती सळई पोत्यात खुपसायचा मला पगार मिळायचा. किडका माल बघून मी दचकावं असं काही नव्हतं, तसला पुष्कळ पाहिला होता. पण त्या सोमवारी सकाळी बावीस नंबरच्या थप्पीपुढे मी दचकले. थप्पीवर एक कार्ड टांगलेलं होतं. त्यावर तीन वर्षांच्या तीन ओळी होत्या. 'जुना माल काढला, नवा भरला, तपासला, उत्तम.' तिन्ही ओळींपुढे सही एकच, कुंदा भोयर. म्हणजे मीच.

कार्डाच्या वर लाकडी पाटी होती. 'सामाईक वाटा. राखीव. हात लावू नये.' तिची गोष्ट अशी. आपल्यासकट सहा शेजारी देशांनी करार केला होता. प्रत्येकानं ऐपतीप्रमाणे धान्य बाजूला काढायचं, ते आपल्याच कोठारात सांभाळायचं, आणि ज्याच्यावर वेळ येईल त्यानं हक्कानं मागायचं. आपला देश मोठा, त्यामुळे आपला वाटाही मोठा, निरनिराळ्या कोठारांत विभागलेला. भंडाऱ्याच्या बाजूला, साखरा रोड नावाच्या आडगावच्या स्टेशनाशी आमचं कोठार होतं. त्याच्या नशिबी चारशे टन आले होते. पन्नास-पन्नास किलोचे आठ हजार कट्टे. अट एकच, दर एप्रिलला जुना तांदूळ रेशनला काढायचा आणि नव्या हंगामाचा भरायचा.

अठरा वर्षांत कोणी मागायला आलं नव्हतं.

मी तिथे रुजू झाले त्या पहिल्याच एप्रिलमध्ये आमचे व्यवस्थापक निमजे साहेब कार्ड घेऊन माझ्या टेबलाशी आले होते. "मॅडम, एवढी सही टाका."

"पाहून येते न साहेब."

"काय पाहता? आठ हजार कट्टे काढा, आठ हजार भरा, कोणासाठी? हा कागदावरचा तांदूळ आहे मॅडम. कोणी खात नाही. माझ्यावर विश्वास नाही का?"

निमजे साहेब चांगला माणूस होता. लबाड नव्हता, एक दाणा घरी नेला नसेल त्यानं. पण कामाचा भारी आळस आणि वरच्यांचा भारी धाक. माझा नवरा जाऊन वर्ष झालेलं, नोकरी नवीन, आणि यांनी मला राहायला खोली बघून दिलेली. मी सही टाकली. दुसऱ्या वर्षी ते उभेही राहिले नाहीत, कार्ड टेबलावर ठेवून गेले. तिसऱ्या वर्षी मीच मागून घेतलं. म्हणजे आम्ही तीन वर्षांत तांदूळ बदललाच नव्हता, नुसतं साल बदललं होतं. माझ्या आधी किती वर्षं हेच चाललं होतं, देव जाणे.

आणि त्या सोमवारी सकाळी दिल्लीहून फोन आला होता. सहांपैकी जो सगळ्यात छोटा देश, बेटांचा, त्याच्यावर समुद्र चढून आला होता. विहिरी खाऱ्या झाल्या, बहुतेक कोठारं वाहून गेली. त्यांनी आपल्या हक्काचं धान्य मागितलं होतं. बुधवारी त्यांची अधिकारी माल बघायला येणार, शुक्रवारी संध्याकाळी मालगाडी सुटणार, पुढे बंदरावर जहाज उभं. देशाचं नाव सांगत नाही. नोकरीची सवय आहे, जात नाही.

हातातला गोळा तसाच घेऊन मी बाहेर कडुनिंबाखाली आले. तिथे आमच्या हमालांची चूल असायची. फागोजी शेंडे हा त्यांचा मुकादम, साठीचा, काटक, कमी बोलायचा. त्यांचा एक रिवाज होता. कोणताही नवा माल उतरला की सांडलेले दाणे गोळा करायचे, पाखडायचे, आणि पहिली हंडी त्याचीच चढवायची. भात कसा झाला हे फागोजी सांगायचा आणि माझ्या तपासणीचा निकालही बहुतेक तोच निघायचा. म्हणून मी त्याला मोठ्या साहेबांपेक्षा जास्त मान द्यायचे.

त्याच्यापुढे हात उघडला. त्यानं पाहिलं. नवल वाटल्याचं काही दिसलं नाही त्याच्या चेहऱ्यावर.

"फागोजी, तुम्हाला ठाऊक होतं?"

"हाव."

"आणि बोलला नाहीत?"

"त्या थप्पीची हंडी आमी कधी चढवलीच नाई, मॅडम. त्यातलं कधी काई सांडलंच नाई न. हललंच नाई तं सांडन कुठून?" त्यानं विडी विझवली. "मंग तुमी सही केली. मी म्हनलं, मॅडमनं पायलं असन. शिकलेल्या मानसाची सही हाये, आमी कोन बोलनारे?"

थोबाडीत बसली असती तर बरं झालं असतं.

निमजे साहेबांनी माझ्या हातातला गोळा पाहिला आणि दार लावून घेतलं. मला वाटलं आता डोक्याला हात लावतील. पण त्यांनी उपाय आधीच काढून ठेवला होता.

"चार नंबरच्या शेडमध्ये यंदाचा माल आलाय. त्यातले तीनशे कट्टे आणायचे आणि बावीसच्या थप्पीला पुढून लावायचे. दर्शनी दोन थर. ती बाई येईल, तुम्ही पुढून परखी घालाल, ती पाहील, चहा घेईल, जाईल."

"आणि मागचे सात हजार सातशे?"

"जातील की."

"साहेब, अळ्या आहेत त्यात."

"धुऊन खातील! उपाशी माणूस बघतो का? मॅडम, आपण देऊन राहिलो, ते घेऊन राहिले. धर्माची गाय अन् दात का गं नाय?"

"धर्माची कशी? त्यांनीही वाटा टाकलाय त्यात. करारात लिहिलंय, दोनशे टन."

"दोनशे!" साहेब हसले. "आपल्या एका तालुक्याची न्याहारी."

मग त्यांनी खण उघडला आणि एक कागद माझ्यापुढे सरकवला. माझ्या बदलीचा अर्ज. नागपूर. त्यावर त्यांनी शिफारस लिहून ठेवली होती, खाली फक्त सहीची जागा मोकळी होती.

"शनिवारी पाठवतो हा," ते म्हणाले. आवाजात धमकी नव्हती, उलट मायाच होती. "पोरगी वाट बघत असेल न तुमची."

माझी केतकी तेव्हा नऊ वर्षांची होती. साखरा रोडला धड शाळा नाही म्हणून नागपुरात माझ्या आईकडे ठेवलेली. शनिवारी संध्याकाळची पॅसेंजर धरून मी जायचे, रविवारी रात्री परत. तिच्या वेण्या मी आठवड्यातून एकदा घालायचे आणि ती त्या मंगळवारपर्यंत सोडू द्यायची नाही, असं आई सांगायची. ती बदली म्हणजे माझ्यासाठी काय होतं, ते कोणी मला विचारायला नको होतं.

मंगळवारी फोन केला तर पोरीनंच उचलला.

"आई, बदली झाली?"

"होईल."

"मी शेजारच्या काकूंना सांगून टाकलं, की जूनपासून आई इथेच."

"अगं, इतक्यात कशाला सांगितलंस?"

"मग नाही होणार का?"

"आजीला दे," म्हटलं.

आईला मी सगळं सांगितलं. माझी आई चौथी शिकलेली, पण गावात देवळातल्या महाप्रसादाचा शिधा गोळा व्हायचा तेव्हा देवळाच्या पायरीवर सूप घेऊन तीच बसायची. ज्याच्या घरी बैलबंडीभर धान त्यानं पायली द्यायची, ज्याच्या घरी काही नाही त्यानं मूठ. सगळं एकाच ढिगात जायचं. एका वर्षी पाटलाच्या घरून पायलीभर किडका तांदूळ आला. आईनं तो सुपात घेतला, दोनदा पाखडला आणि गड्याच्या हाती परत दिला. म्हणाली, पाटलीणबाईंना सांगा, चुकून कोंबड्यांचा आला वाटते. वर्षभर पाटलाच्या शेतात आम्हाला काम मिळालं नव्हतं.

त्या दिवशी फोनवर मला वाटलं, आई तसंच काही म्हणेल. ती म्हणाली, "कुंदे, पोरगी माझ्याजवळ सुखात आहे. तिच्या नावावर खपवू नको. जे करायचं ते तुझ्या नावावर कर."

आणि फोन ठेवला. एवढं बोलून कोणी फोन ठेवतं का हो? राग आला मला. पण त्या रागानंच मी तडक शेडकडे चालत गेले.

फागोजी आणि त्याची माणसं चार नंबरसमोर उभी होती. साहेबांचा हुकूम झाला होता, पण एकही कट्टा हलला नव्हता.

"काय झालं?"

"साहेब म्हनते, पुढून लावा. मी म्हनलं, मॅडमनं सांगतलं तं लावतो." फागोजीनं माझ्याकडे पाहिलं. "सांगा जी, लावू का?"

अठ्ठावीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. तीन वर्षं ही माणसं माझ्या सहीमुळे गप्प बसली होती.

"नाही," म्हटलं. "हात लावू नका. तसंच राहू द्या, जसं आहे तसं."

बुधवारी ती आली. मी मनात कुणीतरी रुबाबदार बाई धरून ठेवली होती. उतरली ती चाळिशीची, बारकी, डोक्यावर रुमाल, आणि पायांत पुरुषी सँडल. सामान समुद्रात गेलं म्हणून दिल्लीत घेतले, असं तिनं हसत सांगितलं. नाव शीरीन. सिनेमे बघून शिकलेली हिंदी फाडफाड बोलायची. तिच्या हिंदीचं मी इथे मराठी करते आहे.

निमजे साहेबांनी हार आणला होता, समोसे आणले होते. चहाला तिनं नाही म्हटलं नाही, पण उभ्यानंच घेतला. "आधी तांदूळ बघू," ती म्हणाली.

बावीस नंबरसमोर आलो. साहेब म्हणाले, "मॅडम, दाखवा न." डोळ्यांनी मला खालची, झाडून पुसून ठेवलेली पुढची रांग दाखवली. खोटं कशाला सांगू, त्या क्षणालाही मला केतकीच्या वेण्या दिसत होत्या. मी परखी उलटी धरली आणि मूठ शीरीनकडे केली.

"तुम्हीच घाला. कुठेही घाला. वर चढायला शिडी आहे."

ती शिडीनं चढली. मधल्या रांगेत परखी घातली. हातावर जे पडलं ते पाहिलं, नाकाशी नेलं. खाली उतरली. तिनं ओरडावं असं मला वाटत होतं. ती कार्ड वाचायला लागली.

"ही सही कोणाची?"

"मॅडम, त्याचं असं आहे," साहेब पुढे झाले, "की दमट हवेमुळे..."

"माझी," मी म्हटलं. "तिन्ही माझ्या. एकदाही परखी न घालता केलेल्या."

साहेबांनी डोळेच मिटले.

शीरीननं खांद्यावरच्या झोळीतून एक लहानशी कापडी पिशवी काढली. नाडी सोडून माझ्या तळहातावर ओतली. लांब, पांढरा, कोरडा तांदूळ. मी दाताखाली एक दाणा फोडला. कटकन आवाज आला. नवा माल होता.

"हा आमच्या वाट्यातला," ती म्हणाली. "तुम्हाला दाखवायला नमुना आणला. करारात लिहिलंय ना, मागायला याल तेव्हा आपल्या वाट्याचा नमुना आणा."

करारात ते खरंच लिहिलेलं होतं. आमच्यापैकी कोणी तितकं वाचलंच नव्हतं.

"तुमच्याकडे तर भात पिकत नाही," साहेबांच्या तोंडून निघालं.

"लोंबीसुद्धा नाही. विकत आणतो. मासळी देतो आणि तांदूळ घेतो. दरवर्षी दोनशे टन नवा भरतो आणि जुना शाळांमध्ये शिजवतो. पोरांना तो दिवस पाठ असतो."

"पण बाई, तुमच्याकडे मागायला कोण येणार होतं?" हे मीच विचारलं. उपहास नव्हता त्यात, मला खरंच कळत नव्हतं.

"कोण जाणे. तुम्ही आला असतात तर?"

साहेब हसले, सवयीनं. "आम्ही शंभर कोटी लोक! तुमच्या दोनशे टनात आमचं काय होणार?"

"एका गावाचं एक जेवण तरी झालं असतं," ती म्हणाली. "त्यात अळ्या निघाल्या असत्या तर आम्हाला तोंड दाखवायला जागा राहिली नसती." तिनं माझ्या हातावरचे दाणे परत पिशवीत ओतले आणि नाडी बांधली. "आता तो संपला. नऊ दिवस पुरवला. दहाव्या दिवशी तुमच्याकडे अर्ज लिहिला. ही एवढीच पिशवी उरली आहे."

मग ती साहेबांकडे वळली. "शुक्रवारी गाडी सुटायला हवी. माझ्याकडे दोन कागद आहेत. एकात काय पाहिलं ते लिहायचं. दुसऱ्यात काय मिळालं ते. मला दोन्ही लिहायला वेळ नाही, एकच लिहीन. कोणता, ते तुम्ही ठरवा."

निमजे साहेबांना घाम फुटला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी चार नंबरकडे बोट दाखवलं. नियम होता, वेळ आली तर राखीव मालाऐवजी तितकाच नवा देता येतो, व्यवस्थापकाची सही लागते. सही झाली.

मग जे सुरू झालं, ते आठवलं की अजून माझा उजवा खांदा दुखतो. आठ हजार कट्टे, सात डबे, दोन दिवस. एप्रिलचं ऊन म्हणजे आमच्याकडे दुपारी लोखंडाला हात लावता येत नाही. फागोजीनं माणसांच्या दोन पाळ्या पाडल्या, पहाटे पाच ते अकरा आणि चार ते आठ. मी म्हटलं, दहातला एक कट्टा मी परखणार. म्हणजे आठशे वेळा सळई खुपसायची. नियमानं तेवढंच लागायचं, आणि नियम मी त्या नोकरीत पहिल्यांदाच अख्खा पाळत होते. गुरुवारी दुपारपर्यंत तळहाताला फोड आले. शीरीननं आपला रुमाल फाडून माझ्या हाताला बांधला, आणि मग परखी स्वतः घेतली. एक खुपसायची ती, एक मी. सतरा कट्टे मी नाकारले. फागोजी वैतागला.

"मॅडम, आता काऊन इतकं बारीक पाहून रायल्या? चांगला तं हाये!"

"तुम्हीच म्हणालात न, शिकलेल्या माणसाची सही आहे म्हणून?"

"हाव, चुकलं बाप्पा माह्यं," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच हसला.

शुक्रवारी दुपारी सांडलेले दाणे गोळा झाले. कडुनिंबाखाली हंडी चढली. फागोजीनं पहिला घास घेतला, चावला, आणि शीरीनच्या पत्रावळीवर मोठा ढीग वाढला. "जेवा, बाई. बरोबर हाये." हा त्याचा दाखला. दिल्लीला त्याची किंमत नव्हती, पण ती पोटभर जेवली. साडेसहाला गाडी सुटली. जाताना तिनं ती छोटी पिशवी माझ्या हातात ठेवली.

"आमचा वाटा," म्हणाली. "तुमच्याकडे राहू द्या. पण बदलत जा."

इथेच ही गोष्ट संपली असती तर मी ती कौतुकानं चारचौघांत सांगत फिरले असते. सगळ्यांची सुटका झाली होती. शीरीननं तिचा शब्द पाळला, तिच्या कागदात फक्त 'उत्तम माल मिळाला' एवढंच होतं. शनिवारी सकाळी निमजे साहेब खुशीत आले. माझ्या अर्जावर माझ्यादेखत सही केली.

"सुटलो बुवा! मॅडम, तुम्ही लाज राखली." मग सहज म्हणाले, "आता बावीसची थप्पी. ती सोमवारपासून रेशनला काढून टाकू. थोडी थोडी, वेगवेगळ्या गावांत. आपलेच लोक आहेत. ते कुठे परखी घेऊन येतात?"

माणूस वाईट नव्हता हो. खरंच नव्हता. त्याला त्यात काही चुकतंय हेच दिसत नव्हतं, आणि तीन वर्षं मलाही दिसलं नव्हतं.

"ती थप्पी बाद करावी लागेल, साहेब."

"बाद करायला कारण लिहावं लागतं. कारण लिहिलं तर कार्ड मागतील. कार्डावर सही कोणाची आहे?" त्यांनी बदलीचा अर्ज दोन बोटांनी उचलून धरला. "तुमची गाडी संध्याकाळी पाचची आहे. पोरीला ही बातमी सांगायची आहे न? सांगा. बाकी माझ्यावर सोडा. विश्वास ठेवा."

मी माझ्या टेबलाशी गेले. कोरा कागद घेतला. फोडांमुळे पेन धरता येत नव्हतं, तरी धरलं. लिहिलं की थप्पी क्रमांक बावीस, आठ हजार कट्टे, माणसांनी खाण्यास अयोग्य. कारण, माल तीन वर्षांत बदलला नाही. तपासणी न करता खोट्या सह्या करणाऱ्या कर्मचाऱ्याचं नाव, कुंदा भोयर. लिहिणाऱ्याचं नाव, कुंदा भोयर. निमजे साहेबांचं नाव मी लिहिलं नाही. ते त्यांनी त्यांचं लिहायचं होतं. त्यांनी लिहिलं नाही.

पाचच्या गाडीनं गेले. केतकी दारातच उभी होती, दोन रिबिनी हातात घेऊन.

"झाली?"

"नाही झाली, राणी."

"कधी होईल?"

"बरीच वर्षं नाही होणार."

तिनं रिबिनी खाली टाकल्या आणि आत गेली. त्या रविवारी तिनं वेणी घालू दिली नाही.

चौकशी झाली. दोन वेतनवाढी थांबल्या आणि बदली झाली, पण नागपूरच्या उलट दिशेला, गडचिरोलीच्या पार टोकाला. शनिवारची पॅसेंजर सुटली, महिन्यातून एकदा भेट राहिली. पोरगी दहावी झाली, बारावी झाली, पहिल्यांदा साडी नेसली, तेव्हा मी नव्हते. कॉलेजात असताना एकदा भांडणात म्हणाली, "तुला माझ्यापेक्षा तांदूळ मोठा होता." ती म्हणत होती ते तिच्या बाजूनं खरंच होतं.

ती पिशवी मात्र मी प्रत्येक खोलीत, प्रत्येक बदलीत बरोबर नेली. दर एप्रिलला आतला तांदूळ काढायचा, शिजवायचा, आणि नव्या हंगामाचा भरायचा. केतकी सुट्टीला आलेली असली की तो भात मुकाट्यानं खायची, कधी काही विचारायची नाही. माझी आई असेपर्यंत तिला मात्र तो दिवस पाठ होता.

आता मी निवृत्त आहे. केतकी एकोणतीस वर्षांची आहे, जिल्ह्याच्या अन्न प्रयोगशाळेत लागली. परीक्षा देताना तिनं मला सांगितलंही नव्हतं, की कोणती नोकरी आहे. या एप्रिलमध्ये शनिवारी संध्याकाळी ती घरी आली. चपला काढल्या, सरळ आत गेली आणि फळीवरून ती पिशवी काढून आणली. पर्समधून कागदात बांधलेला तांदूळ काढला.

"आई, सर तिकडे. यंदा मी भरते."

जुना तिनं भगुल्यात ओतला, पिशवी झटकली, उलटी करून मावळतीच्या उन्हात धरली. मग नवा भरला. नाडी बांधणार तेवढ्यात मी हात पुढे केला, चार दाणे काढले आणि नाकाशी नेले. सवय आहे.

"अगं, मी आणलाय न!" ती म्हणाली. "माझ्यावर पण विश्वास नाही का तुझा?"

"विश्वासावरच तर तीन सह्या केल्या होत्या, बाई."

तिनं पिशवीचं तोंड पुन्हा उघडलं, आपल्या तळहातावर थोडे दाणे घेतले, एक दाताखाली धरून कटकन फोडला, आणि माझ्यासमोर पाटावर पाठ करून बसली.

"भात होईपर्यंत वेणी घाल," म्हणाली.